बाळंतिणीचे पहिले दोन तास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या सूचनेवरून दिलेले व्याख्यान)



संमेलनातील व्याख्यानासाठी ज्ञातीचा इतिहास, संतवाङ्मय किंवा मुलांचे शिक्षण यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आजवरचा प्रघात आहे. आज आम्ही तो बाजूस ठेवून बाळंतपणानंतर होणाऱ्या रक्तस्रावासंबंधी बोलणार आहोत. हा विषय बायकांचा. तो पुरुषाने, त्यातही डॉक्टर नसलेल्या पुरुषाने, भरसभेत कशाला काढावा, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर असे की, गाडी केव्हा बोलवावयाची, कोणत्या इस्पितळात न्यावयाचे, पैसा किती खर्चावयाचा, हे निर्णय अजूनही पुष्कळ घरांत पुरुषच घेतात. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने अज्ञानात राहावे, हे न्यायाचे नव्हे. शिवाय आमचे आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले, आणि आजचा विषयही मुळात शिकविण्याचाच आहे. प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या स्त्रीला काय शिकविले, आणि कसे शिकविले, म्हणजे आईचा जीव वाचतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

रक्त का जाते?

गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे दर मिनिटास सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. मूल जन्मास आले आणि वार सुटून पडली, म्हणजे ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद करण्यासाठी निसर्गाने मोठी सुंदर योजना केली आहे. गर्भाशयाचे स्नायू या वाहिन्यांभोवती उभे-आडवे विणलेले असतात. वार पडताच ते आखडतात आणि दोरीचा फास ओढावा तशा त्या वाहिन्या आवळल्या जातात. बेंबीखाली हात ठेवला तर गर्भाशय कठीण गोळ्यासारखे लागते. ते तसे लागले म्हणजे बहुधा चिंता नाही. ते मऊ, सैल लागले, म्हणजे फास आवळला गेलेला नाही असे समजावे.

आता हिशेब पाहा. गर्भवती स्त्रीच्या शरीरात पाच-सहा लिटर रक्त असते. मिनिटास अर्धा लिटर वाहणारा प्रवाह जर आवरला गेला नाही, तर किती वेळ हाती राहतो हे सांगण्यास मोठे गणित नको. सुदैवाने सगळीच तोंडे एकदम सताड उघडी राहत नाहीत. तथापि उपचार न मिळाल्यास रक्तस्राव सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ सरासरीने सुमारे दोन तासांचा धरला जातो. बाळंतपणातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या संकटात इतका थोडा अवधी नसतो. जंतुदोषात दिवस मिळतात. येथे मिनिटे मोजावी लागतात.

रक्तस्रावाच्या दर दहा प्रकरणांपैकी सुमारे सात या गर्भाशयाच्या सैलपणामुळे होतात. बाकीची जननमार्गास झालेल्या जखमांमुळे, वारेचा तुकडा आत राहिल्यामुळे किंवा क्वचित रक्त न गोठण्याच्या दोषामुळे होतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, ज्यांना असा रक्तस्राव होतो त्यांपैकी पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत आधी कसलेही धोक्याचे लक्षण नसते. धडधाकट मुलगी, सुखरूप प्रसूती, गुटगुटीत मूल, आणि पेढे वाटण्याच्या आत आकांत! अमकीला होईल, तमकीला होणार नाही, असे आधी सांगता येत नाही. यास्तव तयारी प्रत्येकीसाठी ठेवावी लागते.

आपल्या लोकांनी या संकटाकडे कसे पाहिले? बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, असे आपण म्हणत आलो. म्हणजे त्यात मरण संभवते हे सर्वांस ठाऊक होते. पण जी गेली तिच्याबद्दल ‘सटवीने तेवढेच लिहिले होते’ असे म्हणून आपण मोकळे झालो. इतकेच नव्हे, तर बाळंतपणात गेलेल्या स्त्रीस अळवंतीण ठरवून तिला भुतांच्या यादीत घातले. जिला वाचवावयास हवे होते तिलाच पुढे घाबरलो. दुसरी समजूत अशी की, विटाळाचे रक्त जाईल तितके चांगले, ते अडवू नये. ही समजूत अद्याप सर्वस्वी गेलेली नाही. थोडे रक्त जाणे स्वाभाविकच आहे; परंतु ‘जायचेच ते’ या एका वाक्याने किती घरांचा वेळ गेला असेल याची गणती नाही.

सुईण आणि आपण

जुन्या काळी या प्रसंगी जवळ असे ती सुईण. ती बहुधा ज्ञातीबाहेरची, आपल्याहून खालच्या मानलेल्या जातीतली आणि गरिबीतली असे. रात्री-अपरात्री तिलाच बोलावणे जाई. नाळ तिने कापावी, वार तिने पुरावी, मळलेली वस्त्रे तिने धुवावीत. आणि बारशाला मात्र तिने उंबऱ्याबाहेरूनच खण, नारळ आणि पायलीभर धान्य घेऊन जावे. आपल्या घरातील सर्वांत मौल्यवान जीव ज्या हातांवर सोपविला, त्या हातांना आपण अपवित्र मानले. ही गोष्ट आपल्याला आवडो वा न आवडो, आपल्या आज्या-पणज्यांच्या काळचा हा वस्तुस्थितीचा भाग आहे, आणि ज्ञातीच्या व्यासपीठावर तो उच्चारला गेला पाहिजे असे आम्हांस वाटते. त्याचा परिणाम केवळ त्या बाईच्या मानापमानापुरता राहिला नाही. ज्या कामास प्रतिष्ठा नाही ते शिकवावयाची कोणास निकड भासत नाही. सुईणीजवळ अनुभव होता, धैर्य होते, माया होती. शास्त्र मात्र तिच्यापर्यंत कोणी पोहोचविलेच नाही.

शिकविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीच देशी दायांना शिकविण्यासाठी निधी उभारला गेला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने खेडोपाडी दाई-प्रशिक्षणाचे वर्ग चालविले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ, हा पाठ त्यांतून दिला गेला, आणि तो उत्तमच होता. परंतु रक्तस्राव केवळ स्वच्छतेने थांबत नाही. दाईच्या पेटीत रक्त थांबविणारे औषध नव्हते, आणि दूर नेण्यास वाहन नव्हते. नुसत्या वर्गांनी मातामृत्यू अपेक्षेइतके कमी होत नाहीत असे दिसून आले, त्याचे एक मोठे कारण हेच. शिक्षण आणि साधन ही गाडीची दोन चाके आहेत. एकाच चाकावर गाडी चालत नाही.

बेळगावचा दाखला

गर्भाशय आखडण्यास लावणाऱ्या एका औषधाच्या शोधाचा आरंभ हेन्री डेल यांच्या १९०६ सालच्या प्रयोगापासून झाला. ते द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, आणि १९५५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आजही मूल जन्मताच आईस १० युनिट ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे हाच प्रतिबंधाचा पहिला उपाय होय. पण ते थंड जागी, २ ते ८ अंश तपमानात ठेवावे लागते, आणि टोचण्यास शिकलेला हात लागतो. जेथे शीतपेटी नाही, विजेचा भरवसा नाही, तेथे काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच, बेळगाव जिल्ह्यात मिळाले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात एक मोठा प्रयोग केला. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी साध्या खोलीच्या तपमानात टिकते आणि तोंडाने घेता येते. खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत झालेल्या १६२० स्त्रियांपैकी ८१२ जणींना प्रसूतीनंतर लगेच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी देण्यात आली. हे सारे काम मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, तर खेड्यात काम करणाऱ्या २५ ए.एन.एम. परिचारिकांनी केले. गोळी त्यांनी दिली, रक्त त्यांनी मोजले, नोंद त्यांनी ठेवली.

निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्यांत रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ होते. औषध मिळालेल्यांत ते शेकडा ६.४ वर आले. तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर आला. शाळेतल्या मुलाने मांडावा तसा हिशेब मांडला, तर हजार बाळंतिणींत १२० ऐवजी ६४, म्हणजे ५६ जणींचे संकट टळले. दर १८ जणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळला. गोळीने काहींना थंडी वाजली, ताप आला; पण तो थोड्या वेळाचा.

या अहवालातील आणखी एक ओळ आमच्या शिक्षकी मनास फार मोलाची वाटली. प्रयोग जसजसा पुढे गेला तसतसे रक्तस्रावाचे प्रमाण दोन्ही गटांत उतरत गेले. म्हणजे जिला औषध मिळाले नाही अशीलाही काही लाभ झाला. आम्हांस यात शिकलेल्या हातांचा गुण दिसतो. रोज लक्षपूर्वक पाहणाऱ्या, मोजणाऱ्या आणि नोंद ठेवणाऱ्या माणसाचे काम आपोआप सुधारते, हे कोणत्याही शिक्षकास पटेल.

मोजण्याचे महत्त्व

या प्रयोगात रक्त मोजण्यासाठी एक साधे साधन वापरले गेले. बाळंतिणीच्या खाली प्लॅस्टिकची चादर, तिला खाली निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाची या पिशवीशी तुलना केली तेव्हा असे दिसले की, अंदाज प्रत्यक्षाहून सुमारे एकतृतीयांशाने कमी येतो. लुगड्यात, गोधडीत, चिंध्यांत मुरलेले रक्त दिसत नाही. अर्धा लिटर म्हणजे दुधाची लहान पिशवी. तेवढे रक्त गेले तर तो रक्तस्राव समजावा अशी व्याख्या आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली असे सांगितले की, नाडी वा रक्तदाब बिघडलेला असेल तर ३०० मिलिलिटरलाच उपचार सुरू करावा, अर्ध्या लिटरची वाट पाहू नये.

मापाच्या अशाच चादरी पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांच्या एका प्रयोगात वापरण्यात आल्या. तेथे दोन लाखांहून अधिक प्रसूती अभ्यासल्या गेल्या. मापाने रक्त मोजावयाचे, आणि मर्यादा ओलांडताच पोटावरून गर्भाशय चोळणे, आखडविणारे औषध, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, शिरेतून सलाइन, जखम व वारेची तपासणी आणि गरज पडल्यास वरच्या डॉक्टरास पाचारण, हे सर्व एकामागून एक नव्हे तर एकदमच करावयाचे, असे तेथील परिचारिकांना शिकविले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्यांपैकी शेकडा ५१ जणींचाच ओळखला जात होता. येथे ९३ जणींचा ओळखला गेला. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून १.६ वर आले. औषधे दोन्हीकडे होती. फरक पडला तो वेळेवर ओळखण्याने आणि हात न आखडता कृती करण्याने.

अशिक्षित सुईणीस हे जमेल काय?

ए.एन.एम. ही निदान शिकलेली असते. निरक्षर दाईला हे जमेल काय, असा प्रश्न राहतो. पाकिस्तानच्या उत्तर टोकास चित्राल हा दुर्गम डोंगराळ प्रदेश आहे. २००६ ते २००८ या काळात तेथील पारंपरिक दायांना शिकवून घरच्या बाळंतपणात हीच गोळी देण्यास सांगितले. १११९ स्त्रियांच्या या प्रयोगात रक्तस्राव शेकडा २१.९ वरून १६.५ वर आला. तात्पर्य, शिकविणाऱ्याने धीर धरला तर शिकणारी मागे राहत नाही. आपल्याकडेही जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका बनवून हेच सिद्ध केले.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. जे औषध प्रसूतीनंतर प्राण वाचविते, तेच प्रसूतीपूर्वी ‘कळा लवकर याव्यात’ म्हणून अडाण्याने टोचले तर गर्भाशय फाटून आई व मूल दोघेही दगावू शकतात. पोटात दुसरे मूल नाही ना, याची खात्री झाल्याखेरीज गोळी द्यावयाची नसते. नाळ ओढून वार काढण्याचा खटाटोप न शिकलेल्याने करावयाचा नसतो. म्हणून आम्ही औषधाची वाटणी मागत नाही, शिक्षण मागतो. कोणते काम आपले आणि कोणत्या क्षणी ते आपल्या हातून पुढे सोपवावयाचे, हे कळणे हाच शिक्षणाचा गाभा.

शिकवावे कसे?

शिकविणे म्हणजे सांगणे नव्हे, करवून घेणे होय. पाढे फळ्यावर लिहून येत नाहीत, म्हणून घेतल्यानेच येतात. या विषयातही तज्ज्ञ त्याच निर्णयास आले आहेत. नॉर्वेतील एका संस्थेने मामानाताली नावाची बाहुली तयार केली आहे. शिकविणारीने ती पोटाशी बांधावयाची. तिच्यातून मूल जन्मते, वार पडते, कृत्रिम रक्त वाहते, आणि गर्भाशय सैल किंवा घट्ट करता येते. शिकणाऱ्या स्त्रिया आपल्याच दवाखान्यात एक दिवस हा पाठ घेतात, आणि नंतर थोड्या थोड्या दिवसांनी दहा-पंधरा मिनिटे त्याची उजळणी करतात. मोठ्या शहरात नेऊन आठवडाभर व्याख्याने ऐकविण्यापेक्षा ही थोडी पण वारंवार केलेली उजळणी अधिक उपयोगी पडते. कारण रक्त वाहू लागले म्हणजे वही उघडून पाहण्यास वेळ नसतो. हातांनाच आठवावे लागते.

आपले कर्तव्य

आपल्या देशात या क्षेत्रात मोठी प्रगती झाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००१–०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८–२० मध्ये ९७ वर आले. महाराष्ट्रात १४९ वरून ३३ वर. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शेकडा ९४.७ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. पण दवाखान्याचे दार ओलांडले म्हणजे संकट टळले, असे नाही. तेथेही पहिले दोन तास कोणीतरी जागे राहून दर पंधरा मिनिटांनी पोटास हात लावून पाहावयाचे असते. आणि उरलेल्या शंभरांतील पाचांत अक्कलकुवा-धडगावच्या, मेळघाटच्या, भामरागडच्या लेकीही आहेत. त्या आपल्या ज्ञातीच्या नसतील. पण ज्या सुईणींनी आपल्या पिढ्या सोडविल्या त्याही आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या.

यास्तव मंडळापुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवीत आहोत.

पहिली : आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून इंजिनिअर व डॉक्टर होणाऱ्या मुलांस साहाय्य मिळते. त्यातील दोन शिष्यवृत्त्या परिचारिका व प्रसाविका होऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी राखाव्यात, आणि त्यांतील एक ज्ञातीबाहेरच्या, दुर्गम भागातील मुलीस द्यावी. ‘आमची मुलगी नर्स?’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आठवावे की, आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली तेव्हा प्रबंधास प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता, आणि रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचारिकेच्या शिक्षणास प्रतिष्ठा मिळवून दिली.

दुसरी : वधूवर नोंदणीत आपण गोत्र, नाडी आणि गण लिहितो, तेथे रक्तगटही लिहावा. जुळविण्यासाठी नव्हे, वेळप्रसंगी रक्त देणारा चटकन सापडावा म्हणून. वर्षातून एक रक्तदान शिबिर मंडळाने भरवावे.

तिसरी : प्रत्येक घराने सुनेच्या व लेकीच्या गर्भारपणी रक्त तपासून घ्यावे. २०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील गर्भवतींपैकी शेकडा ४५.७ स्त्रियांत रक्ताची उणीव आढळली. जिच्याजवळ आधीच थोडे आहे तिला थोडे गेले तरी सोसत नाही. डिंकाचे नि अळिवाचे लाडू जरूर करावेत, पण ते बाळंतपणानंतरचे. लोहाच्या गोळ्या त्याच्या आधीच्या. नाव घालताना दवाखान्यास विचारावे की, रक्त जवळ कोठे मिळते, आणि प्रसूतीनंतर दोन तास बाळंतिणीपाशी कोण असते? मूल पाहण्यास सारे धावतात. निदान एकीने आईजवळून हलू नये.

चौथी : पुढील संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबरच आपल्या परिसरातील एका ए.एन.एम. परिचारिकेचा आणि हयात असलेल्या एका वृद्ध सुईणीचा सत्कार व्हावा. तो उंबऱ्याबाहेर नव्हे, याच व्यासपीठावर, अध्यक्षांच्या शेजारी खुर्ची देऊन व्हावा.

या चारांपैकी पहिल्या सूचनेस पैसा लागेल, आणि निधी मर्यादित आहे, हे आम्ही जाणतो. पण संमेलनाच्या भोजनातील एक पक्वान्न कमी केल्यास या कामाचा आरंभ करता येईल, असा आमचा हिशेब आहे. तो कार्यकारी मंडळाने तपासून पाहावा, आणि चुकीचा ठरला नाही तर ठराव मांडावा, एवढी विनंती आहे.